चॅम्पियनशिपमधील बढतीची शर्यत कशी अभ्यासावी

इंग्लंडमधील फुटबॉलची दुसरी श्रेणी, म्हणजेच ईएफएल चॅम्पियनशिप, ही ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत चालणारी 24 संघांची स्पर्धा आहे. प्रत्येक संघ इतर तेवीस संघांशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला 46 सामने येतात. प्रीमियर लीगच्या हंगामापेक्षा हे सामने आठने अधिक आहेत. 2024-25 च्या हंगामापर्यंतच्या नियमांनुसार पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये जात, तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ प्ले-ऑफ खेळून उरलेली एक जागा ठरवत आणि शेवटचे तीन संघ लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, उतरत. या नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून ज्या हंगामाचा अभ्यास करायचा असेल त्याचे नियम आरंभीच लीगच्या अधिकृत पानावरून पाहून घ्यावेत.

बढतीच्या अपेक्षेने उतरलेला एखादा क्लब निवडून त्याचा संपूर्ण हंगाम नीट समजून घ्यायचा असेल, तर केवळ निकाल आणि क्रमांक पाहून भागत नाही. आपला संघ आज चौथा आहे किंवा नववा आहे, या माहितीतून ऑक्टोबर महिन्यात जवळजवळ काहीच कळत नाही, कारण त्या सुमारास चौथ्या आणि नवव्या क्रमांकात अनेकदा दोन-तीन गुणांचेच अंतर असते. या लीगमध्ये खरी माहिती देतो तो गुण मिळवण्याचा वेग. तो मोजायला शिकले की एका पराभवाने हताश होण्याचे आणि सलग तीन विजयांनी हुरळून जाण्याचे कारण उरत नाही, आणि सामना पाहण्याचा आनंदही वाढतो, असे माझे ठाम मत आहे.

92 या आकड्यापासून आरंभ करावा

एक वही घ्यावी आणि पहिल्या पानावर दोन उद्दिष्टे लिहावीत: थेट बढतीसाठी 92 गुण आणि प्ले-ऑफसाठी 75 गुण. पहिला आकडा प्रत्येक सामन्यामागे सरासरी दोन गुण या हिशेबाने येतो आणि तो मनाने धरलेला नाही. 2015-16 ते 2024-25 या दहा हंगामांत तिसऱ्या क्रमांकाच्या संघाचे गुण 90 च्या वर कधीही गेले नाहीत, म्हणजे 92 गुण मिळवणारा संघ त्या प्रत्येक हंगामात थेट वर गेला असता. दुसऱ्या क्रमांकासाठी प्रत्यक्षात लागलेले गुण मात्र बरेच बदलत राहिले. 2019-20 मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन केवळ 83 गुणांवर दुसरा आला, तर 2023-24 मध्ये इप्सविच टाउनचे 96 आणि 2024-25 मध्ये बर्नलीचे तब्बल 100 गुण झाले. सहाव्या क्रमांकाचेही तसेच आहे. 2016-17 मध्ये फुलहॅमला 80 गुण होते आणि 2024-25 मध्ये ब्रिस्टल सिटीला 68 गुण पुरले. त्यामुळे 75 हा आकडा सुरक्षित मुक्काम समजावा, हमखास लागणारी किंमत समजू नये.

आता दर दहा सामन्यांनंतर हिशेब मांडावा. समजा, दहा सामन्यांत संघाचे 14 गुण झाले आहेत. उरलेल्या 36 सामन्यांत 92 गाठण्यासाठी त्याला 78 गुण हवेत, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ 2.17. इतका वेग 46 सामने टिकला तर शंभराच्या आसपास गुण होतात, यावरून ते काम किती अवघड आहे हे लक्षात येईल. याच संघाला 75 गुणांसाठी मात्र उरलेल्या सामन्यांत 61 गुण पुरतात, म्हणजे सामन्यामागे सुमारे 1.7, आणि ते चांगल्या संघाच्या आवाक्यात असते. व्यवस्थापक पत्रकार परिषदेत काहीही म्हणत असले, तरी या दोन भागाकारांवरून क्लबने कोणत्या ध्येयाचा पाठलाग करणे शहाणपणाचे आहे हे आपल्याला स्वतः ठरवता येते.

या मोजणीचे महत्त्व नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या 2021-22 च्या हंगामात उत्तम दिसते. पहिल्या सात सामन्यांत त्यांना केवळ एक गुण मिळाला, संघ तळाशी गेला आणि व्यवस्थापक ख्रिस ह्यूटन यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी सप्टेंबरमध्ये स्टीव्ह कूपर आले. हंगामाच्या शेवटी फॉरेस्टचे 80 गुण झाले, म्हणजे उरलेल्या 39 सामन्यांत त्यांनी 79 गुण मिळवले. हा वेग सामन्यामागे दोनहून किंचित अधिक आहे आणि तो पूर्ण हंगामभर असता तर 93 गुण झाले असते. दुसऱ्या क्रमांकाच्या बोर्नमथला 88 गुण होते. फॉरेस्ट चौथे आले ते पहिल्या सात सामन्यांची थकबाकी फेडता फेडता, आणि पुढे प्ले-ऑफ जिंकून 23 वर्षांनी पहिल्या श्रेणीत परतले. ज्याने त्या वर्षी डिसेंबरमध्ये केवळ क्रमांक पाहिला असेल त्याला मध्यावरचा एक संघ दिसला असेल; ज्याने वेग पाहिला असेल त्याला बढतीचा दावेदार दिसला असेल.

बरोबरी, पराभव आणि गोलफरक

1981 पासून इंग्लंडमध्ये विजयाला तीन गुण मिळतात, त्यामुळे एक विजय आणि एक पराभव यांची बेरीज दोन बरोबऱ्यांपेक्षा एका गुणाने अधिक होते. म्हणून वहीत बरोबरीचे दोन प्रकार वेगळे नोंदवावेत: प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर मिळवलेली बरोबरी आणि घरच्या मैदानावर आघाडी गमावून पदरी आलेली बरोबरी. दोन्हींचा गुण एकच असला तरी दुसरा प्रकार वाढू लागला की संघाला सामना संपवता येत नाही, हे दिसून येते. बढतीच्या शर्यतीतील बहुतेक संघांचे गुण मोठ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध जितके जातात त्याहून अधिक तळाच्या संघांविरुद्ध घरच्या मैदानावर सांडतात, असे निरीक्षण आपल्यालाही दोन-तीन हंगाम पाहिल्यावर पटेल.

परंतु बरोबरी नेहमीच हानिकारक ठरते असे मानणेही चुकीचे आहे. 2024-25 मध्ये बर्नली आणि शेफिल्ड युनायटेड या दोन्ही संघांनी प्रत्येकी 28 सामने जिंकले. बर्नलीने 16 सामने बरोबरीत सोडवले आणि केवळ दोन गमावले. शेफिल्ड युनायटेडच्या वाट्याला आठ बरोबऱ्या आणि दहा पराभव आले. विजयांची संख्या तंतोतंत सारखी असताना एक संघ थेट वर गेला आणि दुसऱ्याला प्ले-ऑफच्या वाटेने जावे लागले. व्यवस्थापक स्कॉट पार्कर यांच्या बर्नलीने 46 सामन्यांत अवघे 16 गोल स्वीकारले होते. जो सामना जिंकता येत नाही तो निदान हरायचा नाही, ही शिस्त बचावफळीतून येते, आणि माझ्या मते बढतीचा अंदाज बांधताना आघाडीपटूंच्या गोलांपेक्षा स्वीकारलेल्या गोलांचा रकाना आधी वाचावा.

समान गुण झाल्यास प्रथम गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांमधील फरक, आणि नंतर केलेले एकूण गोल पाहिले जातात. त्या वर्षी लीड्स युनायटेड आणि बर्नली यांचे प्रत्येकी 100 गुण झाले आणि विजेतेपद गोलफरकावर लीड्सकडे गेले, पण तिथे दोघांची बढती आधीच पक्की झालेली होती. गोलफरकाने कोणाचे काय हिरावून घेतले हे पाहायचे असेल तर 7 मे 2016 चा मिडल्सब्रो विरुद्ध ब्रायटन हा सामना अभ्यासावा. हंगामाच्या त्या शेवटच्या दिवशी दोन्ही संघ सारख्याच गुणांवर होते आणि दुसऱ्या स्थानासाठी एकमेकांशीच खेळले. सामना 1-1 असा सुटला, दोघांचे 89 गुण झाले आणि गोलफरकात दोनने पुढे असलेले मिडल्सब्रो थेट वर गेले. ब्रायटनला प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत शेफिल्ड वेन्सडेने हरवले आणि त्यांना आणखी एक वर्ष थांबावे लागले. ऑगस्ट महिन्यात 3-0 अशा आघाडीवर असताना संघ चौथा गोल करण्यासाठी धडपडतो की चेंडू फिरवत वेळ काढतो, हे म्हणूनच लक्ष देऊन पाहण्यासारखे असते.

2019-20 मधील सहाव्या क्रमांकाची कथा तर याहून टोकाची आहे. शेवटच्या दिवशी स्वॉन्झी सिटीने रेडिंगला 4-1 असे हरवले, त्याच वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्ट घरच्या मैदानावर स्टोक सिटीकडून 1-4 असे हरले, दोघांचे 70 गुण झाले आणि एका गोलाच्या फरकाने स्वॉन्झीला प्ले-ऑफची जागा मिळाली.

वेळापत्रक वाचण्याची रीत

वेळापत्रक जाहीर झाले की त्यातील दाट आणि विरळ भाग खुणांनी वेगळे करावेत. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबते. हे थांबे भरून काढण्यासाठी अनेक आठवड्यांत शनिवारच्या जोडीला मंगळवारी किंवा बुधवारीही सामना ठेवलेला असतो. सर्वांत दाट भाग नाताळ आणि नववर्षाचा. 2024-25 मध्ये 21, 26 आणि 29 डिसेंबर व 1 जानेवारी अशा बारा दिवसांत चार फेऱ्या झाल्या. या काळात पहिल्या अकरा खेळाडूंपेक्षा बाराव्यापासून अठराव्यापर्यंतचे खेळाडू संघाला तारतात, म्हणून प्रत्येक सामन्यात संघात किती बदल झाले याची नोंद ठेवावी. जानेवारीच्या आरंभी एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची तिसरी फेरी येते आणि चॅम्पियनशिपचे संघ त्या फेरीपासून स्पर्धेत उतरतात. बढतीच्या मागे असलेले व्यवस्थापक तिथे बहुधा राखीव खेळाडू खेळवतात आणि ते समजण्यासारखे आहे.

पावसामुळे, धुक्यामुळे किंवा कपच्या सामन्यामुळे एखादा लीग सामना पुढे ढकलला गेला, तर तालिकेत आपला संघ एका सामन्याने मागे दिसतो. अशा वेळी समर्थक तीन गुण मनातल्या मनात जोडून टाकतात. तसे करू नये, कारण तो सामना पुढे कधीतरी आठवड्याच्या मध्यावर, थकलेल्या पायांनी खेळावा लागतो. सामन्यांची संख्या सारखी नसेल तेव्हा सामन्यामागील सरासरी हाच तुलनेचा योग्य आधार राहतो.

खेळाडू आणि पैसा

चॅम्पियनशिपमधील स्पर्धा आर्थिकदृष्ट्या समान पातळीवर होत नाही, ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय कोणत्याही क्लबच्या हंगामाचे न्याय्य मूल्यमापन करता येत नाही. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला पॅराशूट पेमेंट नावाची रक्कम मिळते. प्रीमियर लीगच्या क्लबांना प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून जो समान वाटा मिळतो, त्याच्या 55 टक्के पहिल्या वर्षी, 45 टक्के दुसऱ्या वर्षी आणि 20 टक्के तिसऱ्या वर्षी, अशी ती उतरती असते. वर जाऊन एकाच हंगामात परत आलेल्या क्लबला तिसरे वर्ष मिळत नाही. इतर क्लबांना मिळणारी मदत याच्या तुलनेत फारच लहान असते. त्यामुळे अभ्यासाला घेतलेला क्लब यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावे. ज्या क्लबला ही रक्कम मिळत नाही त्याचा सहावा क्रमांक, ती मिळणाऱ्या क्लबच्या तिसऱ्या क्रमांकाहून मोठे यश असू शकतो, आणि अशा संघाच्या व्यवस्थापकाला दुसऱ्याच्या खजिन्याच्या मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही पैशावर सर्व काही ठरत नाही. किरन मकेना यांच्या इप्सविचने 2022-23 मध्ये लीग वनमधून बढती मिळवली आणि पुढच्याच वर्षी, बहुतांश तोच संघ घेऊन, 96 गुणांसह प्रीमियर लीग गाठली. त्यांचा डावा बचावपटू लीफ डेव्हिस याने त्या हंगामात 18 गोलांसाठी पास दिले. एकमेकांची चाल ओळखणारा संघ जपून ठेवणे हीसुद्धा एक प्रकारची गुंतवणूक असते, हे इप्सविचने दाखवून दिले.

लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून ठरावीक काळासाठी उसने, घेतलेले खेळाडू हा या श्रेणीचा दुसरा मोठा आधार आहे. फॉरेस्टच्या ज्या संघाचा उल्लेख वर आला, त्यात जेड स्पेन्स, जेम्स गार्नर, फिलिप झिंकरनागेल आणि कीनन डेव्हिस हे चौघेही इतर क्लबांकडून लोनवर आलेले होते. जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत उघडते तेव्हा दोन्ही बाजूंनी पाहावे: नवीन कोण आले याबरोबरच लोनवर असलेल्या कोणाला मूळ क्लबने परत बोलावले आणि आपला कोणता चांगला खेळाडू प्रीमियर लीगने उचलला.

खर्चालाही मर्यादा आहे. 2024-25 पर्यंतच्या नफा व स्थैर्याच्या नियमांनुसार सलग चॅम्पियनशिपमध्ये असलेल्या क्लबला तीन वर्षांत मिळून 3.9 कोटी पौंडांपर्यंतच तोटा मान्य होता. आर्थिक नियम मोडल्यास गुण कापले जातात, आणि क्लब दिवाळखोरीच्या वाटेवर प्रशासकाच्या ताब्यात गेल्यास एकदम 12 गुण जातात. 2021-22 मध्ये डर्बी काउंटीचे एकूण 21 गुण कापले गेले. मैदानावर 55 गुण मिळवूनही तालिकेत त्यांच्या नावापुढे 34 उरले आणि ते खाली गेले. आपल्या क्लबविषयीच नव्हे, तर शर्यतीतील प्रत्येक क्लबविषयी अशी काही कारवाई प्रलंबित आहे का, हे हंगामाच्या आरंभी पाहून घ्यावे. वर सांगितलेल्या शेफिल्ड युनायटेडने 2024-25 मध्ये मैदानावर 92 गुण कमावले होते. पूर्वीच्या देयकांच्या थकबाकीमुळे दोन गुण कापले जाऊन तालिकेत त्यांचे 90 राहिले.

मार्चनंतर काय बदलावे

36 सामने झाले की दर दहा सामन्यांचा हिशेब थांबवून तो प्रत्येक फेरीनंतर मांडावा. आपल्या संघाच्या आणि त्याच्या दोन-तीन थेट प्रतिस्पर्ध्यांच्या उरलेल्या सामन्यांची शेजारी शेजारी यादी करावी आणि ते एकमेकांशी कधी खेळणार आहेत ते अधोरेखित करावे, कारण अशा सामन्यात निकाल काहीही लागला तरी निदान एका प्रतिस्पर्ध्याचे गुण जातात. खाली घसरण्याच्या भीतीने खेळणारे संघ एप्रिलमध्ये मधल्या क्रमांकाच्या संघांपेक्षा अधिक कडवे लढतात, हेही यादी वाचताना ध्यानात ठेवावे.

या टप्प्यावर मागून येणाऱ्या संघाला कमी लेखू नये. 2018-19 मध्ये ॲस्टन व्हिला फेब्रुवारीच्या अखेरीस तालिकेच्या मध्यावर अडकलेला होता. त्यानंतर डीन स्मिथ यांच्या संघाने सलग दहा सामने जिंकले, पाचवे स्थान मिळवले आणि प्ले-ऑफमधून बढतीही मिळवली.

प्ले-ऑफकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे

प्ले-ऑफची ही पद्धत 1986-87 पासून सुरू झाली. चार संघांच्या पद्धतीत तिसरा संघ सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी घरच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असे दोन सामने खेळतो. वरच्या क्रमांकाच्या संघाला दुसरा सामना घरी मिळतो. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांना इथे वेगळे वजन नाही. एकूण गोल सारखे झाले तर ज्यादा वेळ आणि मग पेनल्टी शूटआउट होते. अंतिम सामना लंडनमधील वेम्बली मैदानावर एकदाच होतो. नियमित हंगामात चॅम्पियनशिपमध्ये व्हीएआर (व्हिडिओ पाहून पंचांचे निर्णय तपासण्याची सोय) वापरले जात नव्हते, अंतिम सामन्यात मात्र ते होते, आणि वर्षभर त्याविना खेळलेल्या संघांसाठी हा बदल लहान नसतो.

येथे आपली वही बाजूला ठेवावी लागते. 46 सामन्यांतील वेग तीन सामन्यांच्या निकालाची हमी देत नाही. 1997-98 मध्ये संडरलँडने 90 गुण मिळवून तिसरे स्थान पटकावले होते. अंतिम सामन्यात चार्ल्टनशी 4-4 अशी बरोबरी झाल्यानंतर ते पेनल्टीवर हरले. 2019 मध्ये लीड्सने उपांत्य फेरीचा पहिला सामना डर्बीच्या मैदानावर 1-0 असा जिंकला आणि घरी 2-4 असा गमावला. शेवटच्या काही आठवड्यांतील कामगिरीही भरवशाची नसते. 2024-25 मध्ये चौथ्या स्थानावरील संडरलँडने नियमित हंगामाचे शेवटचे पाचही सामने गमावले होते. उपांत्य फेरीत कोव्हेंट्रीविरुद्ध डॅन बॅलर्डने ज्यादा वेळेच्या अगदी अखेरीस हेडर मारून त्यांना पुढे नेले, आणि 24 मे 2025 रोजी वेम्बलीवर, चौदा गुणांनी पुढे राहिलेल्या शेफिल्ड युनायटेडविरुद्ध, आधी एका गोलाने मागे पडूनही त्यांनी 2-1 असा विजय मिळवला. निर्णायक गोल टॉम वॉटसनने भरपाईच्या वेळेत केला.

त्यामुळे प्ले-ऑफपूर्वी तपासाव्यात त्या गोष्टी वेगळ्या आहेत: कोणते खेळाडू दुखापतीतून परतले, कोणावर बंदी आहे, पेनल्टी कोण घेतो, आणि राखीव खेळाडूंपैकी कोण शेवटच्या वीस मिनिटांत सामना फिरवू शकतो. थेट बढती थोडक्यात हुकलेला संघ आणि सहावे स्थान शेवटच्या दिवशी मिळवलेला संघ यांची मनःस्थिती सारखी नसते. पहिल्याच्या मनात हुकलेल्या संधीचे शल्य असते. दुसऱ्याला जे मिळाले तेच अनपेक्षित वाटते. पहिल्या सामन्याची पहिली पंधरा मिनिटे पाहिली की हा फरक बहुधा उघड होतो.

अंतिम सामन्यानंतर वहीत शेवटची नोंद करायची ती खेळाडूंच्या करारांची. लोनवर आलेले खेळाडू मूळ क्लबकडे परततात, जून महिन्यात अनेकांचे करार संपतात आणि बढती हुकलेल्या क्लबचे उत्तम खेळाडू प्रीमियर लीगच्या नजरेत भरलेले असतात. वर गेलेल्या क्लबांचीही वाट सोपी नसते: 2022-23 आणि 2023-24 या दोन्ही हंगामांत बढती मिळवलेले तिन्ही संघ पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिपमध्ये परतले. कोण राहिले, कोण गेले आणि खाली आलेल्या संघांपैकी कोणाला पॅराशूट पेमेंट मिळणार आहे, ही यादी पूर्ण करून ठेवावी, कारण नवीन हंगामाचे वेळापत्रक जूनमध्येच हाती येते.